साहेबांचा कौल

तात्या कधीही ‘पोचतो’ म्हणायचे नाहीत. मालवणला निघालेले असोत की नाक्यावर नारळ आणायला, फोनवर कोणी विचारलं, "खंय पोचलात?" की उत्तर ठरलेलं, "वाटेर आसंव," म्हणजे वाटेवर आहोत. किती वेळ लागेल? "वाटेर आसंव." जेवायला थांबायचं का? "तुमी जेवा. आमी वाटेर आसंव." एकदा मुंबईहून त्यांच्या लेकीने वैतागून विचारलं, "बाबा, नक्की कुठे आहात ते तरी सांगा," तेव्हा ते स्वतःच्याच घराचं फाटक उघडत होते. "वाटेर आसंय," म्हणाले. मग जीप आत घेतली, इंजिन बंद केलं, पडवीत येऊन पाय धुतले आणि तिला उलट फोन लावून सांगितलं, "पोचलंय."

आता तात्या नाहीत. पण प्रवासात असताना कुणाचा फोन आला की माझ्या तोंडून अजून तेच उत्तर निघतं, आणि समोरचा माणूस चिडतो.

तात्या माझे घरमालक. कणकवलीत त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहत होते आणि एका कॉलेजच्या ऑफिसात कंत्राटी नोकरी करत होते. माझा स्वभाव त्यांच्या नेमका उलटा. कुठे जायचं म्हटलं की आदल्या दिवशीच माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली असते. एसटी सुटायच्या कितीतरी आधी मी स्टँडवर जाऊन बसते आणि ती येईपर्यंत चारचौघांना विचारून भंडावून सोडते. अशा बाईला असा घरमालक मिळावा हा देवाचा चावटपणाच म्हणायचा.

तात्यांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात कारकून म्हणून गेली. ऑफिसला एक डिझेलची जीप होती. तिच्यात पुढे साहेब बसायचे आणि मागच्या बाकावर साखळ्या, नकाशे, छत्र्या आणि तात्या. साहेब बदलत गेले, जीप तीच राहिली. तात्या निवृत्त झाले त्याच सुमाराला तीही मोडीत निघाली. लिलावात ती कोणी घेईना, ती तात्यांनी घेतली. "इतकी वर्सां मागे बसान पाठ मोडली," ते सांगायचे. "म्हटलंय, आता जरा फुडे बसतंय."

पुढे बसले खरे, पण जीपला ते मरेपर्यंत ‘साहेब’च म्हणत राहिले. घरात, बाजारात, माझ्याशी, मासेवालीशी, सगळ्यांशी मालवणी. जीपशी मात्र शुद्ध, ऑफिसातलं मराठी. पहाटे फडका घेऊन काच पुसताना मला मागच्या खोलीत ऐकू यायचं, "साहेब, आज सावंतवाडीचा दौरा आहे. आपली अनुमती असावी." जीप बंद पडली असं त्यांनी कधी म्हटलं नाही आणि आम्हाला म्हणू दिलं नाही. इंजिन तापलं तर ‘साहेब तापले’, आणि चालायचंच थांबलं तर ‘साहेब रजेर गेले’. साहेब वरचेवर रजेवर जायचे. मग तात्या पुढचं झाकण उघडून हात मागे बांधून उभे राहायचे. त्यांना यंत्रातलं फारसं कळत नसे, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. "साहेबांच्या पोटात कारकुनान हात घालूचो नसता," असं त्यांचं म्हणणं. थोडा वेळ थांबून, थोडं बोलून, साहेब बहुधा रुजू होत.

त्यांचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे कौल. आमच्याकडे देवळात देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तात्या हे जीपला करायचे. बाहेरगावी निघायचं असलं की इंजिन सुरू करायचं, जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून पुढच्या दोन मडगार्डांवर एकेक चिकटवायच्या, आणि समोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाण्याला साथ लागते. एकाने म्हणणं मांडायचं, बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. घरात दुसरं कोणी नसल्याने ते काम माझ्याकडे आलं होतं.

"बा साहेबा महाराजा," तात्या सुरू करायचे, "सदर अर्जदार आज मौजे मालवण येथे जाणेचे योजीत आहे."

"होय म्हाराजा."

"वाटेत घाट आहेत, वळणं आहेत, खाजगी आराम गाड्या आहेत. तरी साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा."

"होय म्हाराजा," मी म्हणायची, आणि शेजारचं कोणी बघत नाही ना हे पाहायची.

पाकळी नेहमी उजवीच पडायची. याचं कारण मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. जीपचं उजवं मडगार्ड ढिलं होतं. इंजिन सुरू झालं की ते अशा आवेशात खडखडायचं की त्यावर पाकळीच काय, पिंपळाचं झाड टिकलं नसतं. डावं मात्र घट्ट होतं. मी हे तात्यांना सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा होकार कशाला हिरावून घ्या, असा विचार केला होता.

मग माझ्या परीक्षेचं आलं. सरकारी खात्यातली कारकुनाची भरती कितीतरी वर्षांनी निघाली होती. वयाच्या अटीत मी जेमतेम बसत होते, पुढच्या वेळी बसणार नव्हते. कंत्राट दरवर्षी संपायचं आणि दरवर्षी मी साहेब लोकांच्या दारात उभी राहायची. गावाला आई एकटी होती. ही एक परीक्षा गेली तर मी जन्मभर अशीच दारात उभी राहणार हे मला दिवसासारखं स्पष्ट दिसत होतं. आणि परीक्षेचं केंद्र आलं लातूर. सिंधुदुर्गातल्या माणसाला लातूरला आणि लातूरच्या माणसाला बहुधा रत्नागिरीला बोलवायची आता रीतच आहे. सोमवारी सकाळी गेट बंद होणार, त्यानंतर कोणालाही प्रवेश नाही, असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

नेमका एसटीचा संप लागला. आगगाडी त्या बाजूला सरळ जात नाही. खासगी गाड्यांच्या लोकांनी जागा नाही म्हणून सांगितलं. मी पडवीत बसून रडायच्या बेतात होते तेव्हा तात्या पानाला चुना लावत म्हणाले, "साहेब दौऱ्यार जातीत."

"तात्या, लातूर आसा ता. मालवण न्हय."

"साहेबांनी अख्खो जिल्हो मोजल्यानी. तेंका लातूर काय जड आसा?"

दुसरा उपायच नव्हता. रविवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. पाकळी उजवी पडली. मागच्या बाकावर पाण्याचे कॅन, काथ्याची दोरी, हळदीचा डबा, साबणाची वडी, पोळ्या आणि सुकटाची चटणी. मी बाजूच्या सीटवर पुस्तक उघडून बसले, पण एक ओळ वाचेन तर शपथ. माझं सगळं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे.

फोंडा घाटात साहेब तापले. पुढून वाफ निघाली. तात्यांनी गाडी कडेला घेतली, पाणी थंड होईपर्यंत पान खाल्लं, मग रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली. गळकी जागा हळदीने बुजते म्हणे. बुजलीही. पण तेवढ्यात आईचा फोन आला आणि मी काही बोलायच्या आत तात्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "वाटेर आसंव, वयनी," म्हणाले आणि बंद केला.

"तात्या, तिका जरा सांगूक व्हया होता. ती काळजी करतली."

"पोचतलंव असा सांगलंय असतंय तर काळजी गेली असती?"

"गेली असती!"

"आणि पोचलंव नाय तर?" तात्यांनी आवाज खाली आणला आणि जीपकडे डोळ्यांनी खूण केली. "शिवाय तेंच्यासमोर ह्या बोलूचा नाय. आयकतत ते. एकदा पोचतलंव म्हटला की तेंका वाटता काम झाला, आणि ते आडवे होतत."

मला त्यांचा असा राग आला की सांगता येत नाही. माझं आयुष्य एका बाजूला, आणि यांच्या साहेबांची मर्जी दुसऱ्या बाजूला. कोल्हापूर मागे पडलं तेव्हा जरा हायसं वाटलं. मिरजेच्या पुढे मी पुन्हा इंजिनाला कान लावून बसले. सांगोल्याच्या रस्त्याला ऊन असं तापलं होतं की डांबर मऊ झालं होतं, आणि तिथे साहेब पुन्हा रजेवर गेले. या वेळी इंजिनाच्या पंख्याचा पट्टा तुटला होता. तात्यांनी काथ्याची दोरी वळून बांधली, ती एक फर्लांगही टिकली नाही. शेवटी एका टेम्पोवाल्याने ओढून एका मेकॅनिकच्या पत्र्याच्या शेडपर्यंत नेलं.

तो मेकॅनिक भला माणूस होता. त्याने झाकण उघडायला हात घातला तर तात्या आडवे. आधी गाऱ्हाणं झालं पाहिजे. मी मान खाली घालून ‘होय म्हाराजा’ म्हणाले. तो पान्हा हातात धरून बघत राहिला.

"काय करायलाव काका?" त्याने विचारलं.

"साहेबांची परवानगी घेतंय."

"कोणते साहेब वो?"

तात्यांनी बॉनेटवर हळूच थाप मारली. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे पाहिलं. पण गंमत अशी, की गाऱ्हाण्याचा शेवट होईस्तोवर तोही ‘होय महाराजा’ म्हणत होता, अगदी मनापासून. पट्टा आणायला माणूस धाडावा लागला, त्यात दुपार गेली. पट्टा बसला. आणि निघताना, आमच्यावर जीव जडल्यासारखं त्याने आणखी एक काम आपण होऊन केलं. "हे मडगार्ड लई वाजतंय काका," म्हणाला आणि नवे नट-बोल्ट घालून उजवं मडगार्ड करकचून आवळून टाकलं. मी त्याचे आभार मानले. त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

सोलापूर, तुळजापूर मागे पडलं आणि अंधार झाला. अंधारात साहेब चालत नाहीत. त्यांचे दिवे फक्त शोभेचे होते. औशाच्या अलीकडे एका गावात शाळामास्तरांच्या ओट्यावर आम्हाला आसरा मिळाला. केंद्र आता तासाभराच्या वाटेवर होतं. मला वाटलं, झालं, सुटले.

सकाळी जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. तात्यांनी मास्तरांच्या दारची जास्वंद मागून घेतली, पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. आम्ही दोघं उभे राहिलो. पाकळी पडेना. उजवं मडगार्ड अगदी शांत होतं. मी त्या नव्या बोल्टांकडे पाहिलं आणि मला कालचा पान्हा आठवला.

डावी पाकळी सुटली, घसरली आणि मातीत पडली.

तात्यांनी आत हात घालून इंजिन बंद केलं. "साहेब नको म्हणतत," ते म्हणाले आणि पायरीवर बसले.

"तात्या, गाडी चालू आसा! काय्येक झालेला नाय!"

"डावो दिल्यानी."

"म्हणजे आता काय करूचा?"

"रवाचा." थांबायचं.

मग माझा तोल सुटला. मी ओरडले. मास्तरांची बायको दारात आली तरी थांबले नाही. "तो कौल न्हय, तात्या! मडगार्ड सैल होता म्हणान उजवी पडत होती. कालच्या माणसान बोल्ट आवळल्यान, म्हणान आज पडूक नाय. इतकी वर्सां तुमी खडखडीक कौल म्हणतास!"

तात्या शांतपणे माझ्याकडे बघत होते. "ता माका म्हायत आसा," ते म्हणाले.

मास्तरांची बायको आत निघून गेली.

"मडगार्ड मीच सैल ठेवलेलंय," ते म्हणाले. "नाय तर माका घरातसून भायर पडाक धीर होणा नाय. खंय जावचा म्हटला की माजा काळीज धडधडता, गो. पयल्यापासून. नकाशे घेवन साहेबांबरोबर निघताना पण धडधडायचा. पण आज मडगार्ड घट आसा. म्हणजे आज पयल्यांदाच खरो कौल दिल्यानी. आणि तो डावो आसा."

इतके दिवस मला वाटत होतं, काळजी करणारी मी आणि निर्धास्त ते. आणि हा माणूस माझ्याहूनही घाबरट निघाला. ‘पोचतो’ म्हणायचं नाही, कौलाशिवाय निघायचं नाही, हे सगळं त्याने स्वतःला उंबऱ्याबाहेर काढायला रचलेलं होतं. त्याच्याकडे बघून मला माझीच दया आली. मी रस्त्याकडे तोंड करून रडायला लागले. मोठ्याने नाही, पण थांबवता येत नव्हतं.

थोड्या वेळाने मागे चपला वाजल्या. मी वळून पाहिलं. तात्यांनी मातीतली डावी पाकळी उचलली होती. ती धोतराला पुसली, तांब्यात बुडवली आणि होती त्या जागी पुन्हा चिकटवली. मग उजव्या मडगार्डाजवळ गेले. टिचकीने त्यांनी उजवी पाकळी खाली पाडली.

"साहेब," ते अगदी हळू, ऑफिसच्या मराठीत म्हणाले, "शुद्धिपत्रक काढत आहे. जबाबदारी माझी."

मग माझ्याकडे न बघता, "बस लवकर."

जीप निघाली. तात्यांच्या कपाळावर घाम होता. दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की सोडलं तर रस्ताच निसटेल. औसा गेलं. लातूरच्या पाट्या दिसायला लागल्या. आणि एका उघड्या माळावर, ना झाड ना दुकान अशा जागी, क्लच गेला. इंजिन बोंब मारत होतं आणि जीप जागची हलत नव्हती. साहेबांनी कौल खरा केला.

मी हातातल्या मोबाइलवरची वेळ पाहिली आणि नजर काढून घेतली. तात्या खाली उतरले होते. आता ते झाकण उघडून हात मागे बांधून उभे राहणार, साहेबांशी बोलणार, असं मला वाटलं. पण ते जीपकडे वळलेही नाहीत. सरळ रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. एक ट्रक कर्कश भोंगा वाजवत बाजूने गेला, त्याच्या वाऱ्याने त्यांची टोपी उडाली. ते हलले नाहीत. मागून मोटारसायकलवर दुधाच्या किटल्या बांधलेला एक माणूस आला, त्याला थांबावंच लागलं.

"बाबा, मरायचंय का?" तो ओरडला.

"ह्या माझ्या मुलीची परीक्षा आहे," तात्या त्याला शुद्ध मराठीत म्हणाले. जीप सोडून दुसऱ्या कोणाशी ते असं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकलं. "गेट बंद होईल. कृपा करून हिला न्या."

"बसा ताई. सोडतो की," तो म्हणाला आणि एक किटली उतरवून तात्यांच्या हातात दिली.

मी बसले. मागे वळून म्हटलं, "तात्या, तुमचा काय?"

तात्या किटली पोटाशी धरून उभे होते. मागे जीप उभी होती, सगळं ऐकू जाईल इतक्या अंतरावर. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग मोठ्याने, माळावर घुमेल एवढ्या आवाजात म्हणाले, "पोचतलंस! जा गो बाय, तू पोचतलंस!"

केंद्रावर रखवालदाराचा हात गेटच्या कडीवर होता. त्याने माझ्याकडे, माझ्या अंगाला येणाऱ्या दुधाच्या वासाकडे आणि ओळखपत्राकडे पाहिलं, आणि अर्धं लोटलेलं गेट पुन्हा थोडं उघडलं. मी आत शिरल्यावर ते बंद झालं. पेपरचं मला आज फारसं आठवत नाही. प्रत्येक प्रश्नाआधी तो माळ डोळ्यांपुढे येत होता एवढं आठवतं.

बाहेर आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कोपऱ्यावरून एक ट्रॅक्टर येत होता. त्याच्यामागे दोराने बांधलेली जीप, आणि जीपमध्ये स्टिअरिंग धरून, पाठ ताठ करून बसलेले तात्या. डोक्याला टोपी नव्हती. मी धावत गेले.

"तात्या, पोचलंय मी! वेळेर पोचलंय!"

तात्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल," ते म्हणाले. "अजून परत जावचा आसा."

परत कसे आलो ते सांगत बसले तर आणखी एवढंच लिहावं लागेल. घरी पोचल्यावर तात्यांनी पहिलं काम केलं ते हे, की पान्हा घेऊन उजव्या मडगार्डाचे बोल्ट सैल केले. या वेळी पान्हा मी धरला.

निकाल लागला. यादीत माझं नाव होतं. मी पेढे घेऊन पडवीत गेले तर तात्यांनी हात मागे घेतला. "रुजू झालंस?" त्यांनी विचारलं.

"अजून नाय. नेमणूक आली काय होतलंय."

"मगे आज कित्याक सांगतंस?"

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हाही तेच. पेढ्यांना त्यांनी हात लावला नाही. मी मनातून थोडी खट्टू झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, रुजू व्हायचं होतं. त्या सकाळी त्यांनी मला जीपने सोडायची गोष्टही काढली नाही. मी एसटीने गेले, सही केली, दिवसभर एका खुर्चीवर बसून आले. ती खुर्ची आता माझी होती हे मला अजून खरं वाटत नव्हतं. येताना पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले होते, तेव्हा आईचा फोन आला. ती विचारत होती, खंय पोचलंस? मी म्हटलं, वाटेर आसंय.

घराजवळ आले तर फाटक उघडं होतं. साहेब धुऊन पुसून अंगणात उभे होते, बॉनेटवर जास्वंदीचा हार. तात्या फाटकातच उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, नवी टोपी घालून. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी फाटकाच्या आत पाऊल टाकेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी फाटक लावून घेतलं, आणि जो शब्द त्यांनी आजवर कोणाला विचारला नव्हता तो विचारला.

"पोचलंस?"

"पोचलंय, तात्या," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी पेढ्यासाठी हात पुढे केला.